नाक्यावरच्या बाईचे डोळे

आई,

बोरीवलीत लोक तुला घाबरतात. हे लिहिताना मलाच हसू आलं, कारण तू म्हणजे झुरळापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना घाबरणारी बाई. डॉक्टरने "बसा" म्हटलं तरी तू स्टुलाच्या कडेला टेकायचीस, उठून पळायची सोय ठेवून. रस्ता ओलांडणं तर तुला मोठं संकट. बाजारातून येताना तुझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझं मनगट, आणि तू फुटपाथच्या कडेला उभी. सिग्नल सुटतो, बंद होतो, पुन्हा सुटतो. माणसं दोन्ही बाजूंनी निघून जातात. तू एक पाय खाली टाकतेस आणि परत वर घेतेस. मी वैतागून म्हणते, "चल ना गं!" तू म्हणतेस, "रव गो, तो टेम्पो बघ कसो येता." टेम्पो पार लांब, बंद पडून उभा असायचा. आज त्याच बोरीवलीत, एका मोठ्या नाक्यावर, तुझ्यामुळे बायका संध्याकाळी फुटपाथ बदलतात. आणि मी घरात बसून फोन वाजला की दचकते. भित्री भागूबाई म्हणून तू मला चिडवायचीस, पण हा वारसा कुणाचा होता ते आपल्या दोघींनाही माहीत होतं.

तुला म्हणजे मी केलेल्या तुझ्या पुतळ्याला. तुला जाऊन वीस वर्षं उलटली, तेव्हा हे तुला नवीनच. मी शिल्पकार म्हणून मोठी झाले असेन अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्टुडिओत पुढाऱ्यांची जाकिटं घडवली. चेहरा साहेब करणार, जाकिटाच्या चुण्या आणि चपलांचे पट्टे मी. गणपतीत मंडळांचे देखावे, एरवी मालिकांसाठी थर्माकोलचे राजवाडे. पन्नाशी आली तेव्हा कुठे पहिल्यांदा विचारणा झाली, की नाक्यावरचा एक कोपरा सुशोभित करतायत, तिथे काहीतरी उभं करायचंय, तुमच्या मनाने करा. माझ्या मनात दुसरं काय असणार? मी तुला केलं. सिमेंटमध्ये, माणसापेक्षा बरीच उंच. हातात बाजाराची पिशवी, एक पाय कट्ट्यावर, दुसरा नुकताच उचललेला. पदर तू खोचायचीस तसा घट्ट खोचलेला. शेवटचे महिने तुझं तोंड ओल्या फडक्याने मीच पुसत होते, त्यामुळे गालाचं हाड, हनुवटीखालची मऊ वळी, सगळं माझ्या बोटांना पाठ होतं. फक्त डोळे केले नाहीत. भुवयांखाली खळगे आहेत आणि त्यांच्या आत सगळं गुळगुळीत. फलकावर लिहिलं, 'रस्ता ओलांडताना'. ही माझी आई आहे हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि शहाण्यासारखा गप्प बसला.

पहिले काही दिवस मजेत गेले. मी समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायची आणि लोक काय बोलतात ते ऐकायची. बहुतेक जण काहीच बोलत नाहीत, हे पहिलं ज्ञान. एकाने बुटाची नाडी बांधायला म्हणून डबा तुझ्या मनगटाला अडकवला, नाडी बांधली, डबा काढला आणि वर न बघता चालता झाला. मला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. कॉलेजच्या पोरी तुझ्यासारखा एक पाय उचलून फोटो काढायच्या. त्यातली एक म्हणाली, "सेम माझी मम्मी यार, अशीच उभी राहते, मी तीनदा क्रॉस करून येते तोपर्यंत." एक गुजराती आजी रोज तुझ्या पिशवीत डोकावायच्या, आणि एक दिवस त्यांनी त्यात मेथीची जुडी ठेवली. "खाली थैली घेऊन घरी कशी जाईल?" असं त्यांनी मलाच विचारलं. कट्ट्यावरच्या निवृत्त मंडळींचं मात्र एकमत होईना. "पुतळा कुणाचा आहे?" "कुणाचाच नाही." "मग पुतळा कशाला? पुतळा म्हणजे घोडा तरी पायजे, नायतर हात वर केलेला तरी पायजे." दुसरे म्हणाले, "ह्यापेक्षा मुतारी बांधली असती तर दुवा दिला असता." तिसरे बराच वेळ बघून म्हणाले, की हात चांगले जमलेत, बाईच्या हाताला पिशवीचा भार कळतो. मी घरी येऊन हे वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं. आणि एका लहान मुलीने विचारलं, "ही आजी झोपलीय का?" तिच्या आईने तिला ओढून नेलं. जाताना ती आई मान वळवून तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला आवडली नाही.

डोळे का नाहीत, हा प्रश्न हळूहळू सगळेच विचारायला लागले. तू असतीस तर सगळ्यात आधी तूच विचारला असतास. गणपतीच्या आधीचे महिने तू कांदिवलीच्या कारखान्यात आखणीला जायचीस. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बाकी रंग कुणीही मारी, डोळे मालक तुझ्यावर सोडायचा. पाल बघून पलंगावर चढणारी तू, पण ब्रश हातात आला की तुझा हात हलायचा नाही. सराव घरीच, स्वयंपाकघरात. ओट्याचा काळा कडप्पा पुसून कोरडा करायचीस, वाटीत साधं पाणी, आणि पाण्यात बुडवलेल्या ब्रशने कडप्प्यावर डोळे. वरची पापणी, खालची, मधे बुबुळ. मी शेजारी कणीक मळतेय आणि ओट्यावर डोळेच डोळे. पहिले वाळून नाहीसे होतात तोवर तू पुढचे काढतेस. कुकरच्या शिट्ट्या होतात, तुझं लक्ष नाही. मग तू ब्रश माझ्या हातात देतेस आणि मागून माझं मनगट धरतेस. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना नाही, हे तू तेव्हा शिकवलंस. अजूनही बारीक काम करताना मी आधी श्वास सोडते, आणि शेजारी कुणी असलं तर त्यांना वाटतं मी उसासा टाकला.

आणि तो राग आठवतो? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी प्लास्टरचं एक डोकं घरी आणलं होतं. वर्गात परदेशी जुन्या पुतळ्यांचे नमुने असायचे, त्यांचे डोळे कोरे, म्हणून मीही कोरे ठेवलेले. तू कामावरून आलीस, दिव्याचं बटण दाबलंस, आणि समोर कपाटावर ते डोकं. अशी किंचाळलीस की शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या. भीती ओसरल्यावर तू भडकलीस. "ह्यां घरात नको माका. जेका डोळे नाय, तेच्या मनात काय आसा ता कळणा नाय." मी तुला कला समजावून सांगायला निघाले. रिकामेपण, बघणाऱ्याची कल्पनाशक्ती, असं काय काय. तू कुकर लावता लावता सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "घालूक येणत नाय तर तसा सांग." मी जेवले नाही त्या दिवशी. ते डोकं पुढे गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून, पावसात विरघळेपर्यंत पडून होतं.

तू जे म्हणाली होतीस तेच आता नाक्यावर घडत होतं, फक्त लोक मालवणीत बोलत नव्हते. रिक्षावाल्यांनी थांब्याला 'अंधी औरत' नाव दिलं. संध्याकाळी दिवे लागले की खळग्यांत सावली भरायची आणि मला स्वतःलाही तिकडे बघवायचं नाही. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी बाई मला भेटायला आल्या. पन्नाशीच्या, व्यवस्थित, हातात सह्यांचा कागद. म्हणाल्या, "राग मानू नका हो, पण आमच्या मुली क्लासवरून येतात. तिच्यासमोरून यायला नको म्हणतात. मी म्हटलं, काय वेड्या आहात का, म्हणून काल मुद्दाम मी गेले. तर मलाच तिच्याकडे पाठ फिरवावीशी वाटेना." त्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. मला त्यांचा राग येईना. चहा दिला, आणि बोलते म्हटलं.

मग एका सकाळी नाक्यावर एक स्कूटर घसरली. चालवणारी तरुण मुलगी, तिचा हात मोडला. रस्त्यावर कुठल्यातरी खोदकामाची खडी सांडलेली होती, ती सगळ्यांनी पाहिलेली. पण मुलीने शुद्धीवर आल्यावर सांगितलं, की वळताना तिची नजर पुतळ्याकडे गेली होती. तेवढं पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तुझा फोटो, खाली लिहिलेलं: हिला डोळे नाहीत, म्हणून ही दुसऱ्यांचे मागते. तो मला माझ्याच चुलत वहिनीने पाठवला, हात जोडल्याचं चित्र टाकून. पिशवीच्या बंदाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. दोन दिवसांनी तुझ्या डोक्यावर कुणीतरी गोणपाट चढवलं आणि गळ्याशी सुतळीने आवळलं. डोळ्यांशिवाय तू जेवढी भयंकर दिसत नव्हतीस तेवढी आता दिसायला लागलीस. फाशीच्या कैद्याला असंच काहीतरी घालतात ना? मी बसथांब्यावरून ते पाहिलं आणि रस्ता न ओलांडता घरी परतले.

त्याच संध्याकाळी तिथे गर्दी जमली होती. मला घरी बसवेना, म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेले. गर्दी काही फार चिडलेली नव्हती, हे सांगायला हवं. भेळ खाणारेही होते. पण गर्दीला आपण काय करणार आहोत हे आपलं आपल्यालाच माहीत नसतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. कुणीतरी खडीतलाच एक दगड उचलून मारला. तो तुझ्या खांद्याला लागला, टवका उडाला आणि आतली जाळी दिसली. लोक हसले. मग एकाने मोठ्याने विचारलं, "बनवली कोणी ही?" "कोणतरी बाई आहे म्हणे, इथलीच." "बोलवा ना तिला! तिच्या दारात नेऊन ठेवा." माझ्या शेजारचा माणूस सहज माझ्याकडे वळला. हातात दुधाची पिशवी, चांगला घरंदाज चेहरा. "काय ओ ताई, तुम्हाला माहितीये का कोण ती?" मी म्हटलं, "नाही बुवा. मी इथली नाही." आणि गर्दीतून मागे मागे सरकत, मेडिकलच्या दुकानाला टेकून उभी राहिले. तिथल्या माणसाने विचारलं, काय देऊ. मी उगाचच डोकेदुखीची गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पुढाऱ्यांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. भाऊ म्हणतात त्यांना सगळे. वाईट माणूस नाही तो, आई, म्हणूनच जास्त भीती वाटली. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, मला कलेतलं घंटा कळत नाही, उगाच खोटं कशाला बोला. पण पब्लिकला जे कळत नाही ना, ते पब्लिक फोडतं."

"अपघात खडीमुळे झाला, भाऊ."

"ते तुम्हाला माहितीये, मला माहितीये. खडीवर मोर्चा निघालेला बघितलाय कधी? डोळे रंगवून टाका ना. दोन डोळे. विषय संपला. आमचा पेंटर देऊ का?"

"नको," मी म्हटलं. ते मात्र मी फारच पटकन म्हटलं.

"मग तुम्ही काढा. नाहीतर गुरुवारी क्रेन येणार. गोडाऊनला नेतील. आणि गोडाऊनला गेलेलं परत येत नाही, हे मी तुम्हाला घरचा माणूस म्हणून सांगतो."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, दोन डोळे तर काढायचेत. तुझ्या आईने आयुष्यभर तेच केलं." मी त्यालाही तेच ऐकवलं जे डोळे का नाहीत म्हणून फोन करणाऱ्या टीव्ही चॅनलच्या पोराला ऐकवलं होतं: बघणाऱ्याने त्या खळग्यांत आपले स्वतःचे डोळे बघावेत, डोळे रेखले की पुतळा संपतो, वगैरे. त्याने आमटी ओतून घेतली आणि म्हणाला, "हे ठीक आहे टीव्हीसाठी. मला खरं काय ते सांग." मी उठून भांडी घासायला घेतली. बाई येणार होती घासायला, तरी.

खरं काय ते तुला सांगते, कारण ते तुझ्याविषयीच आहे. तुला शेवटच्या महिन्यांत काही आठवेनासं झालं होतं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, त्यामुळे तू नावं विसरलीस तेव्हा मी धीराने घेतलं. मग एक दिवस मी नेहमीसारखी हॉस्पिटलच्या वॉर्डात येते. हातात तुझी पेज. तू खाटेवर बसलेली आहेस, मला बघतेस, आणि तुझे डोळे मोठे होतात. तू चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतेस. "कोणाचा चेडू गो तू?" मी हसून म्हणते, "तुझाच गो." तू नर्सचा हात पकडतेस आणि तिला सांगतेस, "हिका भायर काढा." टेम्पोला घाबरायचीस तशी नाही, आई. टेम्पो निदान लांब असायचा. मी पेज नर्सकडे दिली आणि जिन्यात जाऊन बसले. त्यानंतर तू होतीस तोवर रोज आले, तोंड पुसलं, केस विंचरले, आणि रोज तू तशीच बघायचीस. तेव्हापासून तू आठवलीस की तुझे हात आठवतात, चालणं आठवतं, भाकरी थापतानाचा तो आवाजसुद्धा. डोळे आठवायला गेले की फक्त तेच येतात, चादरीवरून बघणारे. पुतळा करताना मी चेहऱ्यापर्यंत आले, भुवया केल्या, आणि तिथे थांबले. पुढे गेले तर तेच डोळे उमटतील, आणि बोरीवलीच्या भर नाक्यावर, सगळ्यांच्या डोक्यांवरून तू मला विचारशील, मी कोणाची म्हणून. मला दगडांची भीती होतीच, नाही असं नाही. पण दगडाने जे होतं ते दिसतं तरी.

क्रेन येऊ दे, असंही मनात येऊन गेलं. गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली तू सुरक्षित राहशील, कुणी मारणार नाही, कुणी बघणारही नाही. मग त्या गुजराती आजींची मेथी आठवली. तुला परत एकदा कुठल्यातरी खोलीत आडवी टाकून यायचं, हे मला झेपणारं नव्हतं.

बुधवारी सकाळी परांची बांधली. दोन कामगारांनी गोणपाट सोडवलं. मी वर चढले तेव्हा खाली माणसं जमायला लागलीच होती, सगळ्यांचे फोन वर. सेक्रेटरी बाई होत्या, कट्ट्यावरचे तिघे होते, भाऊंचा माणूस होता. मी स्कार्फ घातला नव्हता. तुझा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर, वीतभर अंतरावर. डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि दुसऱ्या हाताने बांबू पकडून तशीच उभी राहिले; रंगाचे थेंब माझ्या पायांवर पडत होते. खालून कुणीतरी ओरडलं, "घाबरू नका ताई, पडणार नाही तुम्ही!" मी श्वास सोडला. वरच्या पापणीची रेघ ओढली. त्यानंतर मी एकेका रेघेपलीकडे बघितलंच नाही. ही रेघ, मग ती रेघ, मग बुबुळाची कड, त्यात उजेडाचा पांढरा ठिपका. दुसरा डोळा पुरा झाला तेव्हा मी बांबूला धरून मागे झुकले. मान वर करायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

ते गौरीचे डोळे होते. कारखान्यात गणपती आटपले की शेवटी गौरीचे मुखवटे यायचे आणि तेवढे तू मला रंगवायला द्यायचीस. गणपती समोर बघतो, पण गौरीची पापणी झुकती ठेवायची. का, असं मी विचारलं होतं तेव्हा तू म्हणालीस, "ती म्हायेरपणाक येता गो, झडती घेऊक नाय." माझ्या हाताला तेच डोळे येत होते, त्याने तेच काढले. लांब, शांत, पिशवीकडे झुकलेले. तुझे नव्हेत. मग खालून सेक्रेटरी बाईंचा आवाज आला, "अगं बाई, किती गोड दिसतेय!" आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. कुणीतरी "माता की जय" म्हटलं, दोघा-तिघांनी साथ दिली. तुझं 'अंधी औरत' असं बारसं करणाऱ्या रिक्षावाल्यांपैकी एकाने उतरून चपला काढल्या. भाऊंचा माणूस मला खालून अंगठा दाखवत होता.

खाली उतरले तेव्हा हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी पुढे आली. तीच, स्कूटरवाली. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलू दे. ती म्हणाली, "मला ना, आधीचीच आवडायची. मी रोज वळताना तिला बघायचे. म्हणून तर पडले." मी तिला विचारलं, हात दुखतो का. ती म्हणाली, रात्री जरा दुखतो.

आता तुझ्या पायांशी हळद-कुंकू असतं, मनगटात गजरा, आणि पिशवीत मेथीऐवजी उदबत्तीचे पुडे. 'रस्ता ओलांडताना' वर कुणीतरी शेंदूर फासलाय. मुतारीवाले काका म्हणतात, आता बघा, सहा महिन्यांत इथे मंदिर उभं राहतं की नाही, फुटपाथ गेला आपला. कॉलेजच्या पोरी फिरकत नाहीत. एका प्राध्यापकांनी लिहिलं की मी जमावापुढे गुडघे टेकले. आणि कालपासून दुसराच एक सूर ऐकू येतोय, ही कुठली देवी, हिला कुणी बसवली, कुणाला विचारून. भाऊंचा माणूस परवा सांगत होता, आता क्रेनवाला हात लावणार नाही, तुम्ही बिनधास्त राहा. मी बिनधास्त नाही. उद्या कुणाला तू तिथे नको झालीस तर तुला उचलून न्यायचीही सोय उरलेली नाही, फक्त फोडायची उरलीय. मी पुन्हा फोन वाजला की दचकते.

घाबरून शरण गेली, असं लोक म्हणतात ते खरं आहे, पण कुणाला ते त्यांना माहीत नाही. परांचीवर मी मान वर केली तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू खाली, पिशवीकडे बघत होतीस. आणि मला इतकं हायसं वाटलं, आई, की मी बांबूला मिठी मारून हुंदके देऊन रडले. खालच्यांना वाटलं भक्तीने. एका बाईने तर माझ्या पायांना हात लावला. त्या घटकेला मला तू नको होतीस, तुझ्यासारखी दिसणारी आणि मला काही न विचारणारी कुणीतरी हवी होती, आणि ती मिळाली म्हणून मी रडत होते.

हे पत्र तुझ्या फोटोपुढे ठेवीन असं लिहायला बसताना ठरवलं होतं. पण तो फोटो हॉलमध्ये आहे, आणि त्यात तू सरळ समोर बघतेस. मी हे कपाटात, साड्यांच्या खाली ठेवते.